लॉनमोअरची सुरक्षा केबल तुटली तर: दोष ओळखण्यापासून नवी केबल बसवेपर्यंत

कालपर्यंत नीट चालणारं गवत कापायचं मशीन आज सुरू होत नाही. स्टार्टरची दोरी ओढली तर ती दगडासारखी जड लागते, किंवा जागची हलतच नाही. हँडलवरची जी दांडी धरून ठेवावी लागते, ती हाताला ढिली लागते. अशी लक्षणं दिसली की नवीन माणूस घाबरतो, इंजिन जाम झालं असं समजतो, आणि कार्ब्युरेटर नाहीतर प्लग खोलायला बसतो. थोडं थांबा. ही सगळी लक्षणं एकत्र दिसत असतील, तर इंजिन बहुधा ठणठणीत असतं. हँडलपासून इंजिनापर्यंत गेलेली बारीकशी सुरक्षा केबल तुटलेली असते. ती बदलणं हे लॉनमोअरच्या दुरुस्तीतल्या सोप्या कामांपैकी एक आहे. अट एवढीच की केबल काय करते हे आधी समजून घ्यायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा.

हा लेख प्रामुख्याने मागून ढकलत चालवायच्या पेट्रोलच्या लॉनमोअरबद्दल आहे. विजेच्या आणि बॅटरीच्या मशीनबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे. बसून चालवायच्या मोठ्या मशीनची सुरक्षाव्यवस्था वेगळी असते, तिथे सीटखाली स्विच असतो, त्यामुळे इथल्या पायऱ्या त्यांना लावू नका.

केबल काय करते

हँडलवरची दांडी हँडलला चिकटवून धरली की केबलमधली तार ओढली जाते. तारेचं दुसरं टोक इंजिनाच्या बाजूला एका छोट्या लिव्हरला अडकवलेलं असतं. त्या लिव्हरला एक ताठ स्प्रिंग असते आणि तिचा ओढा नेहमी उलट्या दिशेने असतो. तुम्ही दांडी सोडली की स्प्रिंग लिव्हर मागे खेचते आणि एका झटक्यात दोन कामं होतात. ब्रेकचं पॅड फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या शाफ्टवरच्या जड चाकावर, जाऊन घासतं, आणि एक छोटा स्विच ठिणगीची वीज तयार करणाऱ्या इग्निशन कॉइलला अर्थिंग देऊन ठिणगी बंद करतो. पातं थेट इंजिनाच्या शाफ्टच्या खालच्या टोकाला बोल्टने बसवलेलं असतं. फ्लायव्हील थांबलं की पातंही थांबतं.

सायकलच्या ब्रेकशी ताडून पाहा, म्हणजे यातली मेख लक्षात येईल. सायकलची केबल ओढली की ब्रेक लागतो, त्यामुळे ती केबल तुटली तर ब्रेकच जातो. लॉनमोअरमध्ये हे बरोबर उलटं आहे. इथे केबल ओढल्यावर ब्रेक सुटतो. केबल तुटली की स्प्रिंगला अडवणारं कोणी उरत नाही, ब्रेक लागलेलाच राहतो आणि ठिणगीही बंद राहते. म्हणून दोरी जड लागते आणि इंजिन सुरू होत नाही. मशीन बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम असं केलं आहे, की केबल तुटली तरी मशीन सुरक्षित अवस्थेतच थांबावं.

खरा धोका दुसऱ्या दोषात आहे. केबल तुटत नाही, पण आत गंजते, किंवा तारेचे एक-दोन पदर सुटून आवरणात अडकतात. मग दांडी सोडली तरी तार मागे सरकत नाही, ब्रेक लागत नाही, इंजिन चालूच राहतं आणि पातं फिरतच राहतं. तुटलेली केबल तुमचं काम अडवते. अडकलेली केबल तुमचा पाय घेऊ शकते. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर हा फरक लक्षात ठेवा.

आकड्यांत सांगतो. ५३ सेंटिमीटर लांबीचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याचं टोक सेकंदाला सुमारे ८३ मीटर, म्हणजे ताशी जवळपास ३०० किलोमीटर वेगाने फिरत असतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या नियमानुसार, ३० जून १९८२ नंतर तिथे घरगुती वापरासाठी बनलेल्या अशा मशीनचं पातं दांडी सोडल्यापासून ३ सेकंदांत थांबलं पाहिजे. केबल बदलल्यावर चाचणी घेताना आपणही हाच आकडा धरणार आहोत.

काही मशीनमध्ये रचना थोडी निराळी असते. दांडी सोडली की इंजिन चालू राहतं आणि फक्त पातं थांबतं. तिथे पात्यासाठी वेगळा क्लच आणि ब्रेक असतो आणि केबल त्याला जोडलेली असते. तुमचं मशीन असं असेल तर केबल तुटल्यावर इंजिन व्यवस्थित सुरू होईल, पण पातं फिरणार नाही.

दांडी किंवा लिव्हर बांधून टाकू नका

केबल तुटल्यावर अनेकांना पहिला उपाय सुचतो तो हा: इंजिनाजवळचा लिव्हर तारेने किंवा केबल टायने ओढून बांधायचा, मशीन सुरू करायचं आणि ‘आजचं गवत तरी कापून घेऊ’ म्हणायचं. कोणी हा सल्ला कितीही खात्रीने दिला तरी ऐकू नका. लिव्हर बांधला की ब्रेक जातो आणि ठिणगी बंद करणारा स्विचही जातो. आजच्या बऱ्याच मशीनवर वेग कमी-जास्त करायचा वेगळा लिव्हर नसतो. म्हणजे इंजिन बंद करायचा जो एकमेव सोपा मार्ग होता, तोच तुम्ही बांधून टाकलेला असतो.

आणि अपघात कोणत्या क्षणी होतात ते पाहा. ओल्या गवतावर पाय घसरतो. उतारावर मशीन मागे येतं. गवत बाहेर पडायचं तोंड तुंबतं आणि माणूस सवयीने वाकून हात घालतो. लहान मूल धावत जवळ येतं. या प्रत्येक वेळी हातातून दांडी आपोआप सुटते आणि तेवढ्यानेच पातं थांबतं. विचार करून बटण शोधायला तेव्हा सवड नसते. गवत आठवडाभर वाढलं तर काही बिघडत नाही. केबल येईपर्यंत मशीन उभं राहू द्या.

हँडलवरची दांडीच दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधून ठेवणं हाही तोच प्रकार आहे. हात दुखतो म्हणून कोणी तसं करत असेल, तर दांडी इतकी जड का झाली ते शोधा. अनेकदा केबल आत गंजायला लागल्याची ती पहिली खूण असते.

चालू असताना दांडी सोडूनही इंजिन थांबलं नाही तर

हा प्रसंग क्वचित येतो, पण आला तर काय करायचं ते आधीच माहीत हवं.

हँडलच्या मागेच उभे राहा आणि आसपासच्या लोकांना लांब जायला सांगा. दांडी हाताने हँडलपासून लांब, पूर्ण सुटलेल्या जागेपर्यंत ढकलून पाहा, कधी कधी अडकलेली तार तेवढ्याने सुटते. वेगाचा लिव्हर असेल तर तो बंदच्या खुणेपर्यंत आणा. तो नसेल आणि चोक हाताने ओढायचा असेल तर चोक पूर्ण लावा, पेट्रोल जास्त होऊन इंजिन बहुधा घुसमटून बंद पडतं. तेही जमलं नाही तर पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन थोडा वेळ चालेल, तेवढा वेळ मशीन सपाट जागेवर ठेवा आणि त्याच्यापासून नजर हटवू नका. कॉक किंवा चोकला हात घालावा लागेल तेव्हा बाजूने जा, पाय डेकपासून, म्हणजे पात्यावरच्या झाकणापासून, लांब ठेवा आणि गवत बाहेर पडायच्या तोंडासमोर उभे राहू नका.

चालू इंजिनाच्या प्लगची टोपी हाताने उपटू नका. तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो. झटका बसून तोल गेला तर माणूस मशीनवरच पडेल.

मशीन एकदा थांबलं की केबल बदलून चाचणी होईपर्यंत ते पुन्हा सुरू करायचं नाही, ‘आता सुटली, ठीक झाली’ असं वाटलं तरीही.

काम सुरू करण्याआधी

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. सायलेन्सर बंद केल्यावरही बराच वेळ तापलेला राहतो आणि केबलचं खालचं टोक अनेकदा त्याच्या जवळच असतं.

मग स्पार्क प्लगची टोपी काढा. तार धरून ओढू नका, टोपी धरून थोडी पिळत बाहेर काढा, आणि ती परत उडी मारून प्लगला टेकणार नाही अशी बाजूला अडकवून ठेवा. ही पायरी कोणीही गाळू नये, आणि तिचं कारणही समजून घ्या. लॉनमोअरच्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलसमोरून गेलं की वीज तयार होते. पातं हाताने फिरवलं तरी ते दोरी ओढल्यासारखंच आहे. केबल तुटली आहे, ठिणगी बंदच आहे, मग टोपी कशाला काढायची, असं वाटू शकतं. पण नवीन केबल अडकवताना तुम्ही इंजिनाजवळचा लिव्हर पक्कडीने ओढून धरणार आहात. त्या क्षणी ब्रेक सुटलेला असतो आणि ठिणगीही चालू झालेली असते. टोपी निघालेली असेल तरच ते काम निर्धोक आहे.

लागणारं सामान थोडंच आहे: एक-दोन स्क्रूड्रायव्हर, निमुळत्या तोंडाची पक्कड, सॉकेट पाने (मशीनप्रमाणे ८ आणि १० मिलिमीटर बहुधा पुरतात), काही केबल टाय आणि जाड हातमोजे. तुटलेल्या तारेचे पदर सुईसारखे टोचतात, म्हणून हातमोजे लागतात. फोनचा कॅमेराही हाताशी ठेवा, त्याचा उपयोग सगळ्यात जास्त होईल.

मशीन आडवं करायची गरज सहसा पडत नाही, कारण काम वरूनच होतं. कधी करावंच लागलं तर पेट्रोलचा कॉक बंद करा आणि एअर फिल्टर व कार्ब्युरेटर वरच्या बाजूला राहतील असं कलवा. उलटं कलवलं तर इंजिनाचं तेल एअर फिल्टरमध्ये उतरतं आणि नवीनच दुखणं मागे लागतं.

दोष केबलचाच आहे का?

हँडलवरून खाली दोन किंवा तीन केबल जाताना दिसतील. त्यांत गल्लत होते आणि चुकीची केबल मागवली जाते, म्हणून प्रत्येक केबल वरपासून खालपर्यंत बोटाने धरून नजरेने तपासा. वेगाची केबल कार्ब्युरेटरकडे जाते. मशीन आपोआप पुढे नेणारी केबल चाकांकडे उतरते. आपल्याला हवी असलेली सुरक्षा केबल इंजिनाच्या बाजूला, फ्लायव्हीलच्या आवरणाखालच्या ब्रेकच्या लिव्हरपर्यंत जाते. क्लचवाल्या मशीनमध्ये ती इंजिनाच्या खाली, डेकच्या वरच्या बाजूला जाते.

आता दांडी दाबा आणि दोन्ही टोकांकडे पाहा. एकट्याने दोन्ही टोकं दिसत नसतील तर दांडी दुसऱ्या कोणाला दाबायला सांगा. वर तार हलते पण खालचा लिव्हर जागचा हलत नाही, असं असेल तर तार आत कुठेतरी तुटली आहे. तार वरच्या टोकाशी, जिथे ती दांडीत अडकवलेली असते तिथेच तुटलेली असेल तर ते लगेच दिसतं. तुटायची ही नेहमीची जागा आहे, कारण दांडी दर वेळी वळते तेव्हा तार तिथेच वाकते.

तार शाबूत आहे आणि लिव्हर हलतोही, पण अर्धाच, असं दिसलं तर वेगळा विचार करावा लागेल. बाहेरचं आवरण, म्हणजे आऊटर, मध्येच मुडपलेलं किंवा फाटलेलं असू शकतं. आऊटर ज्या प्लास्टिकच्या तुकड्याने ब्रॅकेटमध्ये बसतं तो तुकडा मोडला असेल, तर तार ओढताना आऊटरही सोबत सरकतं आणि सगळा ओढा वाया जातो. या दोन्ही प्रकारांत केबल बदलणं हाच उपाय आहे.

लिव्हर पूर्ण हलतो, दोरी हलकी ओढली जाते, तरीही इंजिन सुरू होत नाही, असं असेल तर केबलला दोष देऊ नका. मग पेट्रोल, प्लग, एअर फिल्टर किंवा ठिणगी बंद करणारा स्विच बघावा लागेल. तसंच केबल निघालेल्या अवस्थेत लिव्हर पक्कडीने ओढून दोरी हळूच ओढून पाहा, प्लगची टोपी अर्थातच काढलेली असताना. लिव्हर ओढलेला असूनही दोरी हलत नसेल तर पातं कुठेतरी अडकलं असेल किंवा इंजिन खरोखरच जाम असेल. नवी केबल मागवण्याआधी ही एक मिनिटाची परीक्षा घ्या.

योग्य केबल मागवणं

मशीनचा मॉडेल क्रमांक शोधा. तो डेकच्या मागच्या बाजूला किंवा हँडलच्या बुडाशी लावलेल्या पट्टीवर असतो. इंजिनावर वेगळा क्रमांक कोरलेला असतो, तो इंजिन बनवणाऱ्याचा असतो. एकच इंजिन अनेक मशीनवर बसतं आणि प्रत्येक मशीनचं हँडल वेगळ्या लांबीचं असतं. त्यामुळे केबल इंजिनाच्या क्रमांकावरून मागवली तर ती जुळण्याची खात्री नसते.

क्रमांक पुसला गेला असेल तर मापं घ्यावी लागतात. जुनी केबल सरळ आडवी ठेवा आणि दोन मापं लिहून घ्या: आऊटरची एकूण लांबी आणि आतल्या तारेची टोकापासून टोकापर्यंतची लांबी. तार तुटलेली असेल तर दोन्ही तुकडे मोजून बेरीज करा. या दोन मापांमधला फरक सगळ्यात महत्त्वाचा आहे. आऊटर चार बोटं लांब असला तर एखादं वळण मोठं देऊन निभावतं. पण तारेतला आणि आऊटरमधला फरक थोडाही चुकला तर ब्रेक एकतर पूर्ण सुटत नाही किंवा पूर्ण लागत नाही. दोन्ही टोकांचे जवळून फोटो काढा. एका टोकाला तार झेड आकारात वाकवलेली असेल, दुसऱ्या टोकाला गोळी, कडी किंवा छोटी स्प्रिंग असेल. आऊटर कसं बसतं, खटकन बसणाऱ्या प्लास्टिकने की स्क्रूच्या क्लिपने, तेही पाहा.

कापून लांबी जुळवायच्या आणि टोकाला स्क्रूने गोळी आवळायच्या सर्वसाधारण केबलही मिळतात. वेगाच्या केबलसाठी त्या चालतील. सुरक्षा केबलसाठी मी त्या वापरू नये असंच म्हणेन. कापलेल्या टोकाचे पदर सुटतात आणि सुटलेला पदर आऊटरमध्ये घुसला की केबल अडकते. म्हणजे सुरक्षित दोष दुरुस्त करताना आपण धोकादायक दोष घरात आणतो. तुटलेल्या तारेला गाठ मारणं किंवा मध्ये जोड देणं याच कारणासाठी टाळा.

जुनी काढून नवी बसवणं

आधी फोटो काढा. वरचं टोक, खालचं टोक, मधला सगळा मार्ग, प्रत्येक क्लिप आणि प्रत्येक टाय. केबल हँडलच्या नळीच्या आतून गेली आहे की बाहेरून, दुसऱ्या केबलच्या वरून की खालून, हे तासाभराने आठवत नाही.

सुरुवात वरच्या टोकापासून करा. तारेचं टोक दांडीच्या भोकातून फिरवून बाहेर काढा. मग आऊटर ब्रॅकेटमधून सोडवा. प्लास्टिकचं टोक असेल तर त्याला दोन्ही बाजूंना बारीक कान असतात, ते पक्कडीने दाबून धरले की टोक मागे सरकतं. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं आणि मोडतं. केबल टाकूनच द्यायची असल्याने तिचं वाईट वाटून घेऊ नका, पण ब्रॅकेट वाकणार नाही याची काळजी घ्या.

खालच्या टोकाला पोहोचणं मशीनप्रमाणे सोपं किंवा कटकटीचं असतं. काही मशीनमध्ये लिव्हर उघडाच दिसतो. काहींमध्ये वरचं प्लास्टिकचं झाकण काढावं लागतं, आणि काहींमध्ये स्टार्टरच्या दोरीसकट अख्खं आवरण उचलावं लागतं. आवरण काढायचं असेल तर फक्त त्याला इंजिनाशी धरून ठेवणारे बोल्ट काढा. दोरीची चकती खोलू नका. तिच्या आत गुंडाळलेली ताणलेली स्प्रिंग असते, ती एकदा उसळली की परत बसवणं नवशिक्याचं काम नाही, आणि चेहऱ्याला लागू शकते. पेट्रोलची टाकी आवरणालाच जोडलेली असेल तर आधी पेट्रोल काढून घ्या.

लिव्हर उघडा पडला की आऊटर ब्रॅकेटमधून सोडवा आणि तारेचं टोक लिव्हरमधून काढा. एवढं उघडलंच आहे तर ब्रेकचं पॅडही पाहून घ्या. ते झिजून धातूपर्यंत आलं असेल किंवा त्यावर तेल सांडलेलं असेल तर फक्त केबल बदलून भागणार नाही. फ्लायव्हीलभोवती साचलेलं वाळकं गवत आणि धूळ कोरड्या ब्रशने झाडून काढा. तिथे तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका.

नवीन केबल बसवताना क्रम उलटा: आधी खालचं टोक, मग वरचं. वरचं टोक मोकळं असेल तर तार हवी तेवढी पुढे ढकलता येते आणि खालचं अवघड काम सोपं होतं. लिव्हर स्प्रिंगच्या विरुद्ध पक्कडीने थोडा ओढा, झेड टोक भोकात फिरवून घाला आणि लिव्हर हळूच सोडा. बोट मध्ये राहू देऊ नका, स्प्रिंगला चांगला जोर असतो. मग आऊटर ब्रॅकेटमध्ये खटकन आवाज येईपर्यंत दाबा आणि ओढून खात्री करा.

आता केबल जुन्याच मार्गाने वर न्या. वळणं मोठी आणि सैल ठेवा. सायलेन्सरपासून लांब ठेवा. हँडल दुमडायचं मशीन असेल तर केबल हँडलला बांधण्याआधी हँडल दोन-तीनदा दुमडून आणि उघडून बघा, आणि कुठे चिमटते का ते पाहा. केबल मुडपण्याची ही नेहमीची जागा आहे आणि आधीची केबलही कदाचित इथेच गेली असेल. केबल टाय लावताना आऊटर दबणार नाही इतपतच आवळा.

शेवटी वरचं टोक दांडीत अडकवा. ते सहज बसायला हवं. जीव खाऊन ओढावं लागत असेल तर केबल आखूड आहे किंवा खाली आऊटर नीट बसलेलं नाही. बळजबरीने बसवू नका, परत तपासा.

ताण कसा असावा

दांडी सोडलेली असताना तारेत किंचित ढील हवी. बोटाने हलवली तर ती जराशी हलली पाहिजे. ही ढील नसेल तर ब्रेक पूर्ण लागत नाही आणि पातं थांबायला वेळ लागतो. दांडी पूर्ण दाबली की लिव्हर शेवटपर्यंत गेला पाहिजे आणि ब्रेकचं पॅड फ्लायव्हीलपासून पूर्ण सुटलं पाहिजे. काही केबलवर मध्ये किंवा टोकाला फिरवायचा नट असतो, त्याने हा ताण जुळवता येतो. अनेक सुरक्षा केबलवर असा नट नसतोच. तिथे ताण जुळत नसेल तर केबल चुकीची आली आहे असं समजा आणि परत पाठवा. ब्रॅकेट वाकवून किंवा तार पिळून जुळवाजुळव करू नका.

चाचणी

पहिली चाचणी प्लगची टोपी काढलेली असतानाच. दांडी दाबून दोरी हळू ओढा, ती नेहमीसारखी ओढली गेली पाहिजे. दांडी सोडून ओढा, ती अडली किंवा स्पष्ट जड झाली पाहिजे. हे आठ-दहा वेळा करा. प्रत्येक वेळी दांडी स्वतःहून, झटक्यात मागे यायला हवी. ती रेंगाळत मागे येत असेल तर कुठेतरी वळण तीव्र आहे. क्लचवाल्या मशीनला ही परीक्षा लागू होत नाही, तिथे फक्त दांडीची परत येण्याची चाल बघा.

मग काढलेली सगळी आवरणं परत बसवा, हत्यारं उचला, आणि सगळ्यात शेवटी टोपी लावा. मशीन मोकळ्या, सपाट, खडे नसलेल्या जागी न्या. इंजिन सुरू करा, थोडा वेळ चालू द्या, आणि हँडलमागे उभं राहूनच दांडी सोडा. मनात सेकंद मोजा. ३ सेकंदांच्या आत सगळं थांबलं पाहिजे. ब्रेक फ्लायव्हीलवर असलेल्या मशीनमध्ये इंजिन थांबलं म्हणजे पातंही थांबलं. क्लचवाल्या मशीनमध्ये इंजिनाचा आवाज चालूच राहतो, तिथे पात्याच्या वाऱ्याचा घरघराट थांबला का ते कान देऊन ऐका. पातं पाहण्यासाठी वाकू नका, डेकखाली डोकावू नका. तीन-चार वेळा चाचणी घ्या. एकदाही जास्त वेळ लागला तर मशीन वापरात आणू नका. आधी तारेतली ढील पाहा, मग ब्रेकचं पॅड. पॅडचं काम स्वतः करण्याचा अनुभव नसेल तर ते दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या.

विजेची आणि बॅटरीची मशीन

यांत अनेकदा दांडी थेट हँडलवरच्या स्विचला जोडलेली असते आणि खाली फक्त विजेची वायर जाते. तिथे केबल तुटण्याचा प्रश्न येत नाही, पण स्विचचा डबा खोलायची वेळ येते. काही मशीनमध्ये मात्र इथेही तारेची केबल असते आणि ती वरच्याच पद्धतीने बदलता येते. प्लगच्या टोपीऐवजी इथे बॅटरी आणि सुरक्षा चावी दोन्ही काढून खिशात ठेवा. वायरवालं मशीन असेल तर वायर भिंतीतून काढा, मशीनवरचं बटण बंद करून भागत नाही. दांडीजवळच्या सुरक्षा स्विचच्या वायर थेट एकमेकींना जोडून तो निकामी करणं म्हणजे दांडी बांधण्यासारखंच आहे. तो बिघडला तर बदलायचाच.

पुढे केबल टिकावी म्हणून

हंगाम सुरू होताना आणि अधूनमधून दोन्ही टोकांशी तार नीट पाहा. एखादा पदर जरी तुटून बाहेर आलेला दिसला तरी केबल बदला. बाकीचे पदर अजून धरून आहेत म्हणून थांबू नका, कारण तोच सुटा पदर आऊटरमध्ये जाऊन अडकतो. तेल घालावं का, हे मशीनच्या पुस्तिकेत पाहा. पुष्कळ केबलच्या आत प्लास्टिकचं गुळगुळीत अस्तर असतं आणि त्यांना तेल लागत नाही. जाड तेल किंवा ग्रीस घातलं तर त्यात धूळ धरते आणि चाल उलट जड होते. मशीन पाण्याने धुताना केबलच्या टोकांवर जोराचा फवारा मारू नका, आणि ते कोरड्या जागी ठेवा.

हँडल दुमडताना केबल सैल करून, तिला वळण घ्यायला जागा देऊन दुमडा. दुमडण्याची दिशाही पुस्तिकेत दिलेली असते. उलट्या दिशेने दुमडलं की आऊटर त्याच जागी पुन्हा पुन्हा मोडतं.

आणि नवीन केबल थोड्याच दिवसांत त्याच जागी तुटली तर तिसरी मागवण्याआधी त्या जागेवर बोट फिरवा, हातमोजा घालून. ब्रॅकेटच्या भोकाला धारदार कड आलेली असेल, दांडीचं भोक झिजून लांबट झालं असेल, किंवा दांडी वाकल्यामुळे तार तिरकी ओढली जात असेल. कड असेल तर बारीक कानशीने घासून गुळगुळीत करा. दांडी वाकली असेल किंवा तिचं भोक झिजलं असेल तर ती केबलसोबत बदला, नाहीतर तिसरी केबलही तिथेच जाईल.